सरस न लावलेला जोड: सुतारी हत्यारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

लखनौत लाकूड पाहायला कोणी जात नाही. या शहराची कीर्ती विटांची आणि चुन्याची. नवाब आसफुद्दौलाने १७८४च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून बांधायला घेतलेल्या बड्या इमामबाड्याचे मधले दालन सुमारे पन्नास मीटर लांब आहे आणि त्याच्या छताखाली एकही तुळई नाही. गाईड हे मोठ्या अभिमानाने सांगतो. सुताराच्या बाजूने ऐकले तर त्यात थोडा अपमानच आहे. पण तिथून बाहेर पडून चौकातल्या गल्ल्यांत शिरावे. चिकनच्या कापडावर भरतकामाआधी नक्षी उमटवायचे ठसे शिसवाचे, तबल्याची खोडे शिसवाची, जुन्या हवेल्यांचे दरवाजे आणि त्यांच्या चौकटी लाकडाच्या; आणि ऐशबागेकडे गेले तर वखारी आणि आरामशीनच. या सगळ्या वस्तूंत समान काय, तर त्यातला प्रत्येक तुकडा कधी तरी करवतीखालून गेला आहे.

करवतीने घडवलेल्या वस्तूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खुद्द करवतीवर फार थोडे. याला कारणही तसेच आहे. दरवाजा दोनशे वर्षे उभा राहतो, हत्यार राहत नाही. पाते दर वेळी धार लावताना कानशीखाली थोडे थोडे झिजते, अखेर अरुंद होऊन मोडते. चौकटीचे लाकूड चुलीत जाते. म्हणून या अभ्यासाचा पहिला पुरावा अनेकदा हत्यार नसून हत्याराने मागे ठेवलेली खूण असते. जुन्या वाड्याच्या तुळईच्या न रंधलेल्या, भिंतीत दडलेल्या बाजूवर बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहा. उथळ खवल्यांसारखे घाव दिसले तर ते वाकसाचे. सरळ पण अंतर आणि कल बदलणाऱ्या रेघा दिसल्या तर दोन माणसांनी हाताने चिरलेले लाकूड. सारख्या अंतराच्या सरळ रेघा पट्ट्याच्या यंत्राच्या, आणि कमानदार रेघा गोल करवतीच्या. हे एवढे वाचता आले तरी लाकूड हाताने चिरले की यंत्राने, हे कळते आणि पुष्कळदा दुरुस्ती कोणती आणि मूळ काम कोणते, याचाही अंदाज येतो. ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांना ग्रंथालयाआधी मी अशी एखादी तुळई सुचवीन.

ग्रंथालय त्यानंतर. तिथे हाती लागणारी सामग्री विखुरलेली आहे, पण कमी नाही. मोहेंजोदडोत तांब्या-काशाच्या करवती मिळाल्या आहेत. पाणिनीला गावाशी बांधलेला ग्रामतक्ष आणि स्वतःच्या घरी स्वतंत्रपणे काम करणारा कौटतक्ष असे दोन सुतार माहीत होते. म्हणजे बलुतेदार आणि धंदेवाला हा भेद तेव्हाही होता. ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या दोन्ही शिल्पग्रंथांत सतरावा अध्याय संधिकर्माचा, म्हणजे लाकडाच्या जोडांचा आहे. ‘मयमता’त खांबांच्या पाच जोडांची नावे येतात: मेषयुद्ध, त्रिखंड, सौभद्र, अर्धपाणि, महावृत्त. नावे इतकी सुंदर आहेत की वाचणारा तिथेच रमतो. रमू नये. हा अध्याय खांब, तुळया आणि घर यांचा आहे. हत्याराचा जोड कसा करावा हे त्यातून ओढूनताणून काढणे म्हणजे ग्रंथावर अन्याय. ‘मानसार’ इंग्रजीत आणणारे प्रसन्नकुमार आचार्य अलाहाबाद विद्यापीठात होते, आणि आपल्याकडे कृष्णाजी विनायक वझे यांनी प्राचीन शिल्पशास्त्राचा सार मराठीत मांडला. या दोघांनाही अशा ग्रंथांतली परिभाषा सोडवताना किती कष्ट पडले असतील याची कल्पना, एखादा जोड शब्दांत वर्णन करायचा प्रयत्न स्वतः केल्याशिवाय येत नाही.

लखनौपुरते बोलायचे तर सुरुवात विल्यम होई यांच्यापासून करावी. हे गृहस्थ इंग्रज सरकारच्या लायसन्स टॅक्सच्या कामावर होते आणि त्या निमित्ताने त्यांनी शहरातल्या धंद्यांची जी चौकशी केली ती १८८०मध्ये लखनौतच पुस्तकरूपाने छापली गेली. कोण काय बनवतो, कच्चा माल कुठून घेतो, त्याला काय सुटते, हे सगळे त्यात आहे. मात्र जोड कसा धरतो हे विचारणे कर आकारणाऱ्याचे काम नव्हते. हत्यारांची नावे हवी असतील तर शेजारच्या बिहारवरचे ग्रिअर्सन यांचे १८८५चे पुस्तक आणि क्रुक यांचा वायव्य प्रांत व अवधचा १८८८चा शेतकी शब्दसंग्रह पाहावा. उर्दूत तर अंजुमन तरक्की-ए-उर्दूने १९३९पासून पुढच्या काही वर्षांत कारागिरांच्या शब्दांचा आठ खंडांचा कोशच काढला. मौलवी जफरुर्रहमान देहलवी यांचे हे काम पाहिले की मराठीत असे स्वतंत्र काम का झाले नाही याची खंत वाटते. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा ‘गावगाडा’ सुताराचे गावातले स्थान सांगतो, त्याचे बलुते सांगतो. त्याची करवत उचलून पाहत नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त मात्र धंद्यांचे शब्द भरपूर आहेत, फक्त ते आडनावांच्या गर्दीत ओळखीचा माणूस शोधावा तसे शोधावे लागतात.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट जवळपास कुठेच नाही, आणि माझ्या मते तीच या क्षेत्राचा गाभा आहे: कारागिरांचे आपापसांतले वाद. कोणता जोड बरोबर, कुसू म्हणजे खाचेत बसणारे टोक किती लांब, सरस लावायचा की नाही, खुंटी मारायची की पाचर. बाहेरचा माणूस एका मिस्त्रीला विचारतो, तो जे सांगतो ते ‘पारंपरिक पद्धत’ म्हणून लिहून घेतो आणि निघून जातो. पलीकडच्या दुकानातला मिस्त्री तेच ऐकून हसला असता, हे त्याच्या गावी नसते. परंपरा म्हणजे एकमत असे आपण धरून चालतो. कारखान्यात दोन तास बसलेल्या माणसाला तसे धरता येणार नाही.

हा वाद नीट समजून घ्यायला लाकडी चौकटीची ताणकरवत हे सगळ्यांत चांगले उदाहरण आहे. हिच्या चौकटीत लाकडाचे तुकडे मोजून तीन: दोन उभे हात आणि त्यांच्या मधोमध एक आडवा दांडा. हातांच्या खालच्या टोकांत पाते बसवलेले, वरच्या टोकांभोवती दुहेरी दोरी. दोरीच्या मधे एक काठी खुपसून पीळ भरायचा, म्हणजे वरची टोके जवळ येतात, दांडा टेकू होतो आणि खालची टोके लांब जाऊन पाते ताणले जाते. उत्तरेकडे चारपाईची सैल झालेली वीण पायथ्याच्या दोरीने ओढून घेतात, तसाच हा प्रकार. काम संपले की पीळ उतरवायचा. काठी दांड्याला अडकून राहते, त्यामुळे पीळ आपोआप सुटत नाही.

चौकट हवीच कशाला? पातळ पत्रा ढकलला तर वाकतो, ओढला तर सरळ राहतो, एवढ्या एका गोष्टीवर जगातल्या करवतींचा इतिहास उभा आहे. पाते पातळ असले तर भुसा कमी, मेहनत कमी. म्हणून एक तर दात्यांचा रोख आपल्याकडे करून ओढताना कापायचे, नाही तर पाते चौकटीत ताणून मग कोणत्याही दिशेने चालवायचे. आपल्या सुताराने हातकरवतीसाठी पहिला मार्ग घेतला. जपान्यांनीही तोच घेतला. जमिनीवर बसून, लाकूड पायाखाली दाबून काम करणाऱ्याला ओढणेच सोयीचे. उभ्याने बाकावर काम करणाऱ्या युरोपियनांना ते विचित्र वाटले आणि त्यांतल्या अनेकांनी तसे लिहूनही ठेवले. युरोपात रोमन काळापासून चौकटीची करवत होती. दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवले की भुसा बाहेर पडतो, हे प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवले आहे. चीनमध्ये बाराव्या शतकातल्या झांग झेदुआनच्या नदीकाठच्या उत्सवाच्या प्रसिद्ध गुंडाळी-चित्रात अशी करवत रंगवलेली दिसते. इंग्लंडने रुंद पोलादी पत्रे मिळू लागल्यावर सतराव्या-अठराव्या शतकांत चौकट टाकून दिली. जर्मनी-फ्रान्सने ती विसाव्या शतकापर्यंत सोडली नाही. आपल्याकडे लाकूड चिरणाऱ्या आराकशांच्या मोठ्या आऱ्याला कधी चौकट असे, कधी नुसत्या दोन मुठी. लोखंड कापायची जी हॅक्सॉ आज प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत असते, तीही ताणलेल्या पात्याचीच करवत आहे, फक्त लाकूड गेले आणि दोरीच्या जागी चाकीचा स्क्रू आला.

आता वाद. दांड्याच्या दोन्ही टोकांना बारीक करून कुसू काढतात, लखनौचा बढई त्याला चूल म्हणेल, आणि ते उभ्या हातांत कोरलेल्या खाचेत बसते. प्रश्न असा की ते सरसाने चिकटवावे का. घराच्या दरवाज्याची चौकट करणारा सुतार विचार न करता ‘हो’ म्हणेल, वर खुंटीही मारील. त्याच्या कामात जोड हलला म्हणजे काम बिघडले. इथे मात्र जोड हलायलाच हवा. दोरीला पीळ भरताना दोन्ही हात दांड्याच्या टोकाभोवती किंचित फिरतात; एखादा अंश, फार तर दोन. चिकटवलेल्या जोडात ते फिरू शकत नाहीत, मग जोर पात्याला न जाता हात वाकवण्यात आणि कुसवाचे खांदे चिरडण्यात जातो. शिवाय पाते बदलायला चौकट उलगडता येत नाही. सरसाचे म्हणाल तर तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा पदार्थ. जूनमधल्या लूच्या कोरड्या वाऱ्यानंतर ऑगस्टची दमट हवा आली की त्याची पकड सुटू लागते. लखनौत एका वर्षात लाकूड या दोन्ही टोकांना जाऊन येते. कोकणातल्या सुताराला दमट हवा ओळखीची, पण तो कोरडा ताण त्याच्या वाट्याला येत नाही.

सरसवाल्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. सैल जोडाची चौकट पिळवटते, म्हणजे दोन्ही हात एका पातळीत राहत नाहीत आणि काप तिरका जातो. पीळ उतरवला की तिन्ही तुकडे हातात सुटे येतात, हाही वैताग. उत्तर दोन्ही पक्षांच्या मधे कुठेतरी नाही. ते कुसवाच्या दोन वेगवेगळ्या मापांत आहे. कुसवाच्या जाडीत खाच घट्ट हवी, हाताने दाबून बसेल इतकी, म्हणजे चौकट पिळवटत नाही. रुंदीत, म्हणजे हाताच्या उभ्या दिशेने, केसभर मोकळीक हवी, म्हणजे हात फिरू शकतो. एकाच जोडाला एका दिशेने घट्ट आणि दुसऱ्या दिशेने सैल करणे हे दरवाज्याच्या जोडापेक्षा अवघड काम आहे. ‘सैल जोड म्हणजे कच्चा हात’ असे म्हणणाऱ्याने हा जोड एकदा पटाशीने करून पाहावा.

दुसरा वाद आरपार कुसवाचा. दरवाज्यात कुसू पलीकडे काढून पाचर मारली की जोड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, म्हणून करवतीतही तसेच करावे असे अनेकांना वाटते. इथे बळे कशी लागतात ते पाहिले पाहिजे. हाताची दोन्ही टोके आतल्या बाजूला ओढली जातात, मध्यावर दांडा बाहेर ढकलतो. म्हणजे हात बाहेरच्या बाजूला फुगतो. मध्यावर बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे दाबले जातात. वाकण्याचा सर्वांत मोठा जोर नेमका खाचेच्या जागी येतो. खाच आतल्या अंगापुरती उथळ ठेवली तर दाबाच्या बाजूचे लाकूड जाते आणि ती जागा कुसू भरून काढते. आरपार नेली तर ताणलेले तंतूच कापले जातात, आणि ती उणीव कुसू भरून काढू शकत नाही. या वादात मी बिनधास्त एक बाजू घेतो: या करवतीत आरपार कुसू चूक आहे, कितीही देखणे असले तरी. लांबीला एक-सव्वा सेंटिमीटर पुरे.

खांदे सरळ छाटावेत की गोल, हा तिसरा. गोल खांदा फिरताना सारखा टेकतो, सरळ खांद्याची कड दबते. पण छोट्या करवतीत फिरणे इतके थोडे असते की गोलाईची मेहनत हौसेखातरच. मोठ्या करवतीत ती करावी.

दांडा नेमका कुठे असावा यावर फारसे कोणी भांडत नाही, आणि हिशेब तर तिथेच सगळ्यात मोकळा आहे. समजा पात्याला चाळीस किलो वजनाइतका ताण हवा. दांडा पात्यापासून दहा आणि दोरीपासून वीस सेंटिमीटरवर असला तर दोरीला वीस किलोच ओढावे लागते, आणि दांड्यावर दोन्हींची बेरीज, साठ किलोंचा दाब येतो. दांडा बरोबर मध्यावर असेल तर दोरीलाही चाळीस. म्हणजे दांडा जितका पात्याजवळ, तितका पीळ हलका. पण तितकेच कापायचे लाकूडही लहान. हातांसाठी उभ्या सरळ तंतूंचे शिसव किंवा बाभूळ घ्यावे, दांड्याला हलके लाकूड चालते कारण तो फक्त दाबला जातो. पात्यासाठी नवे पोलाद विकत घेण्याची गरज नाही. आरामशीनवर तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा उत्तम चालतो, तीनधारी कानशीने त्यावर हवे तसे दाते पाडता येतात. ज्या यंत्राने आराकशाचे काम घेतले त्याच्याच मोडीतून हाताची करवत व्हावी, यात कोणाला काव्य दिसले तर दिसू दे.

मराठी वाचकाला हे सगळे लखनौच्या निमित्ताने का सांगावे, याचे कारण कैसरबागेत आहे. तिथल्या परीखान्यात ज्या संगीतसंस्थेचे वर्ग भरतात, ती विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाली, आणि १९२८पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ती घडवली. भातखंड्यांनी काय केले होते? देशभर हिंडून, घराण्याघराण्यांत जाऊन, जे उस्तादांच्या गळ्यात होते ते कागदावर आणले. एकाच रागाबद्दल दोन घराणी वेगळे सांगतात तेव्हा तो वेगळेपणा त्यांनी वादाचा विषय म्हणून समोर ठेवला. त्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर आजही भांडणे होतात, आणि व्हावीत. पण भांडायला काही लिहिलेले असावे लागते, ते त्यांनी दिले. कुसू-खाचेच्या बाबतीत आपण अजून त्या पायरीच्या अलीकडे आहोत. दोन मिस्त्रींची मते शेजारी शेजारी, दोघांच्या कारणांसह, मापांसह, लाकडाच्या जातीसह लिहिलेली फार क्वचित सापडतात.

शाळांनी हे काम केले नाही असेही नाही. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाल्या. लखनौत १९११मध्ये सरकारी कला आणि हस्तकला विद्यालय सुरू झाले, आणि १९२५मध्ये असितकुमार हालदार त्याचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. मात्र अशा शाळांचा ओढा हळूहळू चित्र आणि नक्षीकडे वळला. नक्षी दाखवता येते, जोड लपलेला असतो. आजच्या सरकारी योजनांतही हेच दिसते. उत्तर प्रदेशाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ यादीत सहारनपूरला लाकडी कोरीवकाम मिळाले, लखनौला चिकन आणि जरदोजी. ठसे कोरणारा किंवा चौकट करणारा लखनवी कारागीर त्या नावांच्या मागे उभा आहे. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह अठरा व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. ती चांगलीच आहे. विकत घेतलेल्या हत्याराबरोबर ते का तसे आहे याचे ज्ञान येत नाही, एवढेच.

या क्षेत्रात येणाऱ्याला पदवी लागत नाही आणि संस्कृत, उर्दू, इंग्रजी यांपैकी एक येत असेल तरी पुरते. मात्र स्वतः एक करवत बनवण्यातून सुटका नाही. कुसू पहिल्यांदा सैल होईल, दुसऱ्यांदा खाच फाटेल, आणि तिसऱ्यांदा आपण मिस्त्रीला जे प्रश्न विचारू ते आधीच्या प्रश्नांपेक्षा बरे असतील. त्यानंतर गावात, नात्यात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा लखनौच्या नखासमध्ये, जिथे लाकडी चौकटीची करवत दिसेल तिथे ती मोजावी. दांडा पात्यापासून किती अंतरावर, कुसू आरपार की आतच, सरस लावला आहे की नाही, दोरी कशाची, दात्यांचा रोख कुणीकडे, लाकूड कोणते, आणि मालक त्याबद्दल काय सांगतो. त्याच्या शेजारच्या दुकानदाराला तोच प्रश्न विचारून त्याचे उत्तरही खाली लिहावे, विशेषतः ते उलटे असेल तर. तारीख आणि ठिकाण घालायला विसरू नये.